बदलीच्या गावची धाव

होटगी जंक्शनवर उतरणाऱ्या बहुतेकांना पुढची गाडी धरायची असते. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७१ मध्ये तिचे रूळ रायचूरला पोचले आणि मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाले. त्या वाटेवर सोलापूरच्या दक्षिणेला आमचं गाव लागलं. पुढे १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. सोलापूर, कलादगी, धारवाड हा सगळा पट्टा त्यात होरपळला. धान्य एकीकडे आणि उपाशी माणसं दुसरीकडे, मधे नेण्याचं साधन नाही, अशी गत झाली. त्यातून दुष्काळी भागाला जोडणारे लोहमार्ग टाकायचं ठरलं. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली आणि १८८४ मध्ये होटगी ते गदग मीटरगेज सुरू झाली. होटगी जंक्शन झालं ते असं, भुकेपोटी.

आमच्या घरातल्या आधीच्या दोन पिढ्या या रुळांवरच पोसल्या. मी काँक्रीटच्या कामात आहे. होटगीच्या आसपास सिमेंटचे कारखाने उभे राहिले, त्यांतल्या एकाने मला पोटाला लावलं. काम काँक्रीटच्या गुणवत्तेचं, त्यामुळे माल जिथे जातो तिथे मलाही जावं लागतं. आणि गेली बरीच वर्षं मी पहाटे धावतो. स्टेशन रोडने निघायचं, गाव मागे टाकायचं, होटगी तलावापर्यंत जाऊन परत यायचं. थंडीत तलावावर परदेशी पक्षी उतरलेले असतात, मे महिन्यात नुसती भेगाळलेली काळी जमीन असते. हा सगळा मुलूख समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर, सपाट. चढ म्हणून दाखवायचा तर आम्ही रेल्वेचा पूल दाखवतो.

असा माणूस कामानिमित्त लेहला गेला, साडेतीन हजार मीटरवर, आणि तिथे सकाळी बूट घालून बाहेर पडला, तर तो कुणाच्या वाटेने धावतो? हा प्रश्न मला तिथे पडला आणि गावी परतल्यावरही सुटला नाही. पुस्तकं चाळली, जुन्या स्पर्धांचे निकाल पाहिले, लष्करातल्या माणसांशी बोललो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. उंचीवर धावण्याचा इतिहास खेळाच्या मैदानावर कमी आणि नोकरीच्या हजेरीपटावर जास्त सापडतो. धावणाऱ्याला वर नेलं ते बहुतेक वेळा त्याच्या पोटाने.

आपल्याकडे तर धावणं हीच एके काळी नोकरी होती. पेशव्यांच्या कागदपत्रांत जासूद जोडी जागोजागी भेटते. एक वाटेत पडला, मारला गेला, तरी दुसऱ्याने पत्र पोचवायचं म्हणून जोडी. इंग्रजी अमलात टपालाचे हरकारे आले. ठरावीक टप्पा धावायचा, थैली पुढच्याच्या खांद्यावर द्यायची, हातात घुंगरांची काठी, रात्री पलिता. पावसात, घाटात, जंगलातून ही माणसं वर्षानुवर्षं धावली. त्यांच्या वेळा कुणी नोंदवल्या नाहीत, म्हणून त्या काळचे विक्रम आपल्याकडे नाहीत. रेल्वे आली तशी लांब पल्ल्याची टपाल धाव संपली. होटगीच्या फलाटावर थैल्या चढू-उतरू लागल्या तेव्हा कुठल्या तरी हरकाऱ्याचं काम गेलंच असणार. आडवाटांवर आणि डोंगरांत मात्र तो पुढेही बराच काळ टिकला, कारण तिथे चाक पोचत नव्हतं.

पोटाशी संबंध नसलेली धावही आमच्या जिल्ह्यात आहे, तिचा उल्लेख इथेच करतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यात वेळापूरजवळ आली की वारकरी उतारावरून धाव घेतात. तुकोबांना इथून पंढरीच्या कळसाचं दर्शन झालं आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याला धावा म्हणतात. अनवाणी म्हातारी माणसं ज्या वेगाने उतरतात तो पाहिला की छाती भरून येते.

हौशी धावपटू या शब्दांना वजन आलं ते १९२० मध्ये. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती होत. खेड्यातली शेतकरी मुलं तिथे अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि ही मुलं ऑलिंपिकला नेण्यासारखी आहेत हे त्यांना दिसलं. अँटवर्पला गेलेल्या त्या छोट्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतं. ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पार करून ते एकोणिसावे आले. जिंकलेला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटं पुढे होता. आज आपल्याकडे कित्येक चांगले हौशी धावपटू तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवण्यासाठी वर्षानुवर्षं झटतात. हातात घड्याळ नाही, आजच्यासारखे बूट नाहीत, प्रशिक्षक जवळजवळ नाही, आणि आगबोटीचा प्रवास करून परक्या हवेत उतरलेला हा माणूस. त्याच्या नावाने महाराष्ट्रात आणि बेळगावात मोठी शर्यत दरवर्षी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्या काळी उंचीचा विचार कुणाच्या गावी नव्हता. तो जगाला करावा लागला १९६८ मध्ये, मेक्सिको सिटीमुळे. शहर २२४० मीटरवर. तिथे ऑलिंपिक ठरल्यावर युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांची धावपळ उडाली. उंचीवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, सुमारे २१ टक्के असतं. पण हवेचा दाबच उतरलेला असल्याने प्रत्येक श्वासात हाती कमी लागतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत हे भोवणार हे उघड होतं. मग खेळाडूंना आधी महिनोन् महिने डोंगरात नेऊन ठेवायचं का? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यालाही लगाम घातला. स्पर्धेआधीच्या तीन महिन्यांत चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ उंचीवर सराव नको, असा नियम केला. कारण खेळाडू हौशी असायला हवा, म्हणजे त्याला स्वतःची नोकरी, शिक्षण असायला हवं. कामधंदा सोडून डोंगरात सराव करत बसणारा माणूस त्यांच्या लेखी हौशी राहत नव्हता.

पण ज्याची नोकरीच उंचावर, त्याला हा नियम काय करणार? इथिओपियाचा मामो वोल्डे शाही रक्षक दलात होता, आधीची दोन ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिलाही त्याच दलातला. त्यांची राजधानी अदिस अबाबा मेक्सिको सिटीपेक्षाही उंच. केनियाचा किप केनो पोलीस, नफ्ताली टेमू सैनिक. टेमूने दहा हजार मीटर जिंकली. वोल्डे त्या शर्यतीत दुसरा आला आणि नंतर २ तास २० मिनिटं २६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. पंधराशे मीटरमध्ये केनोने अमेरिकेच्या जिम रायनला जवळजवळ तीन सेकंदांनी मागे टाकलं. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, लांब पल्ल्याचे विक्रम ज्याने ढिगाने मोडले होते, दहा हजार मीटर संपवून कोसळला आणि शुद्धीवर यायला त्याला बराच वेळ लागला. त्या दिवसांपासून धावपटूंच्या जगात डोंगर ही गरज बनली. जिंकलेल्यांपैकी बरेच जण मात्र सरावासाठी डोंगरात गेलेले नव्हते, ते तिथे ड्यूटीवर होते. हे कमी सांगितलं जातं.

भारतात उंचीचं ज्ञान आलं ते याहून कठोर वाटेने. १९६२ च्या युद्धात मैदानी मुलखातले जवान विमानाने, ट्रकने थेट हिमालयात चढवले गेले. शरीराला सवय व्हायला वेळच दिला गेला नाही. गोळी न लागता माणसं दगावू लागली. डोकं फुटेल असं दुखायचं, अन्न पोटात ठरायचं नाही, काहींच्या फुप्फुसांत पाणी भरायचं. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९२५ सैनिकांच्या नोंदी अभ्यासल्या. १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्या प्रसिद्ध झाल्या, आणि उंचीच्या आजारावरचा तो जगातला पायाभूत अभ्यास ठरला. त्या १९२५ जणांत मराठी मुलखातली पोरं किती असतील ते त्यात वेगळं लिहिलेलं नाही. पण आज लेहला उतरणारा प्रत्येक पर्यटक आणि प्रत्येक धावपटू त्यांच्या दुखण्यावर मिळालेलं शहाणपण वापरतो.

लष्कराने त्यातून चढण्याचं वेळापत्रक बसवलं. नऊ ते बारा हजार फुटांचा पहिला टप्पा सहा दिवसांचा. पहिले दोन दिवस विश्रांती, फार तर तंबूभोवती चालणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड ते तीन किलोमीटर सावकाश चाल, खडी चढण नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि तीनशे मीटरपर्यंत चढ, तोही हळू. त्यापुढे बारा ते पंधरा हजार फुटांचा दुसरा टप्पा चार दिवस आणि त्याहून वरचा तिसरा आणखी चार दिवस.

आमच्या लेहच्या साइटवर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार सुरक्षेचं काम बघत. माझ्या सामानात धावण्याचे बूट दिसले तसे ते म्हणाले, "साहेब, बूट राहू द्या बॅगेत. पहिले दोन दिवस जेवायचं, पाणी प्यायचं, पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर चालायला या. बोलताना धाप लागली की थांबायचं." त्यांनी ते तक्ते कुठून वाचले नव्हते, सियाचीनच्या पायथ्याला अंगावर घेतले होते. मी शब्दशः तसंच केलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर चाललो. ते मधेमधे मला प्रश्न विचारत होते. गाव कुठलं, शेती किती, ज्वारी मालदांडी लावता का. नंतर लक्षात आलं की त्यांना उत्तरं नको होती, माझा श्वास तपासायचा होता. सहा दिवस सरल्यावर पहिल्यांदा धावलो तेव्हा होटगीत ज्या वेगाने मी गप्पा मारत धावतो त्या वेगाला तिथे छाती फाटायची वेळ आली. नाडी वर, पाय ठीक, दम नाही. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, हे वाचणं वेगळं आणि सिंधूच्या काठच्या साध्या चढावर कळणं वेगळं.

त्याच साइटवर आणि पुढे खारदुंगच्या रस्त्यावर झारखंडातून आलेले मजूर असत. सीमा सडक संघटना १९६० मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून हिमालयातले रस्ते अशाच हातांनी फुटले आहेत. पाठीवर दगड, हातात फावडं, पूर्ण हंगाम तिथे. लेहमध्ये २०१२ पासून मॅरेथॉन होते, खारदुंग गावातून खिंड ओलांडून लेहला उतरणारी ७२ किलोमीटरची शर्यतही होते. पुण्या-मुंबईचे कित्येक हौशी धावपटू त्यासाठी आधीच येऊन राहतात. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. पण उंचीवर शरीर कसं कमावलं जातं हे ज्याला बघायचं असेल त्याने शर्यतीच्या वाटेवरचा तो मजूरही बघावा. त्याच्या छातीवर नंबर नसतो, एवढाच फरक.

आता आपल्या माणसाकडे येतो. अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. शाळा सहा किलोमीटरवर, जायचं चालत किंवा पळत. बारावीनंतर तो ५ महार बटालियनमध्ये भरती झाला. पहिली मोठी नेमणूक सियाचीन. मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. २०१५ पर्यंत तो धावपटू नव्हता, सैनिक होता. त्या वर्षी लष्करातल्या क्रॉस कंट्रीत उतरला आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवलं. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या, दमलेल्या पायांनी. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनीचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि मग स्वतःचेच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला.

२०२२ मध्ये तो अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्सला सरावाला गेला. तेही डोंगरातलं गाव, १८०० मीटरच्या वर. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंद. सोनं मिळालेला केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्या फक्त पाच शतांश सेकंद पुढे. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत आला होता. ती साखळी आष्टी तालुक्यातल्या पोराने तोडली. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंद. हे आकडे मला पाठ आहेत, कारण आमच्या भागातल्या प्रत्येक धावणाऱ्याला ते पाठ असायला हवेत. सियाचीनच्या दिवसांनी त्याचं रक्त घडवलं असं मी म्हणणार नाही. उंचीचा तसला फायदा खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. पण आपल्याला न मानवणाऱ्या हवेत रोज उठून काम करायचं हे त्याने धावण्याआधी शिकून घेतलं होतं, आणि ते त्याला नोकरीने शिकवलं.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत नोकरीला होती. माण म्हणजे आमच्यासारखाच कोरडा मुलूख. तिचा सराव चालायचा ऊटीत, प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली. ऊटी आणि मेक्सिको सिटी जवळजवळ एकाच उंचीवर आहेत. २०१६ मध्ये रिओत ती स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. रेल्वेच्या नोकरीने तिला पगार दिला, सुट्टी दिली, प्रवासाचा पास दिला. आमच्या घरात रेल्वेने जे दिलं तेच, फक्त तिने त्यातून कुठवर मजल मारली ते बघा.

माझ्यासारख्या फिरतीवरच्या माणसाला उंचीचा उपयोग किती, याचं उत्तर मला माझ्या कामातूनच सुचतं. काँक्रीट ओतलं की आम्ही पंधरा सेंटिमीटरचे क्यूब भरतो, पाण्यात ठेवतो, सातव्या दिवशी काही फोडतो आणि अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले. खरी ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी कळते. रक्ताचंही तसंच. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात, त्याने तांबड्या पेशी वाढायला लागतात, पण ती भर अंगी लागायला तीन-चार आठवडे जातात. अमेरिकेत बेंजामिन लेवीन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ धावपटू घेतले होते. चार आठवडे २५०० मीटरवर राहायचं आणि सरावाला १२५० मीटरवर उतरायचं, असं ज्यांनी केलं त्यांची पाच हजार मीटरची वेळ सरासरी तेरा सेकंदांनी सुधारली. जे राहिलेही वर आणि धावलेही वर, त्यांचं रक्त वाढलं पण वेळ सुधारली नाही, कारण वर पुरेसं जोरात धावताच येत नाही. साइटवरची माझी भेट इतकी लांबत नाही. म्हणून मी तिथे वेगाचा सराव करत नाही. सावकाश धावतो, चढ चालतो, भरपूर झोपतो. बाजारात उंचीचे म्हणून मुखवटे विकतात, ते घेऊ नयेत. त्याने श्वास अडतो, हवेचा दाब काही बदलत नाही.

आणि होटगीकडे स्वतःचं काहीच नाही असंही नाही. आमच्याकडे ऊन आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात बेताने, रोज थोडा वेळ, आठ-दहा दिवस व्यायाम केला की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि घाम लवकर सुटायला लागतो. उंचीवर गेल्यावर पहिल्या दिवसांत नेमका हाच पाण्याचा भाग घटतो. ताक, मीठ, कडक भाकरी आणि सकाळी आठच्या आत घरी, एवढं पाळलं तर आमचं ऊनही धावणाऱ्याच्या कामी येतं.

हल्ली पहाटे स्टेशन रोडला मी एकटा नसतो. भरतीची पोरं असतात, पोरीही असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागतात आणि पूर्ण वीस गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. लष्कराचीही तेवढीच धाव, वेळ थोडी वेगळी. कुणी मराठी बोलतं, कुणी कानडी, कुणी दोन्ही. मोबाइलवर वेळ लावून एकमेकांना हाका मारत पळतात. यांतली काही लवकरच खाकीत किंवा हिरव्या कपड्यांत लांब जातील. परवा त्यांतल्या एकाचा फोन आला. प्रशिक्षण संपलं होतं, नेमणूक लडाखला होती. "काका, तिथं गेल्यावर रोज किती धावू?" मी त्याला लष्कराचं वेळापत्रक सांगितलं, त्याचे वरिष्ठ सांगतीलच तेच पुन्हा एकदा. सहा दिवस धावायचं नाही, डोकं दुखलं तर लपवायचं नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं. मग त्याने विचारलं, तिथून परत आल्यावर आपल्या तलावाच्या रस्त्यावर वेळ किती सुधारेल. त्यालाही तेच सांगितलं, पहिला महिनाभर घड्याळ बघू नकोस.